शनिवारी उपासना, रविवारी ड्युटी

मागच्या अंकात संपादकांनी माझी ओळख 'नेपाळमध्ये मिशनसेवा केलेल्या सिस्टर' अशी करून दिली आणि वाचकांना प्रश्न पाठवायला सांगितलं. पत्रं बरीच आली. 'आमच्यासाठी प्रार्थना करा' एवढंच लिहिणाऱ्यांसाठी प्रार्थना केली, त्यांना इथे वेगळं उत्तर नाही. बाकीच्यांतले काही प्रश्न घेते. मी मिरजेत नर्सिंग शिकले. पाल्पा जिल्ह्यातल्या तानसेनच्या मिशन इस्पितळात आधी वॉर्डात होते, पुढे नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. आमचे हे तिथेच मेंटेनन्सला होते, म्हणजे जनरेटर, बॉयलर आणि पाण्याच्या टाक्या. जे सांगते ते त्या एका डोंगरावरचं.

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंग झाले आहे. दीर्घकाळ परदेशी मिशनसेवेला जायचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे असं मनाला वाटतं. पण तिथे दिवसभर नेमकं काय करतात? प्रार्थना, प्रचार की काम? (एक वाचक, अहिल्यानगर)

काम गं. पहाटे उठून पहिलं बघायचं ते टाकीत पाणी आलंय का. आलं असेल तर बादल्या, पिंप, पातेली, रिकामं दिसेल ते भरून घ्यायचं. मग चहा, मग पवित्र शास्त्र. कितीदा तरी मी स्तोत्र वाचताना एक कान नळाकडे लावून बसले आहे. देवाने ते मनावर घेतलं असेल असं वाटत नाही.

मग ड्युटी. हँडओव्हर, राउंड, इंजेक्शनं, ड्रेसिंग. मिरजेत जे करतो तेच. फरक पेशंटचा. आमच्या ऑर्थोच्या वॉर्डात झाडावरून पडलेल्या बायका फार. गुरांसाठी पाला तोडायला चढतात, फांदी मोडते आणि मनगट, कंबर, कधी थेट मणकाच. रस्ता नाही अशा गावातून घरची माणसं त्यांना पाठीवरच्या बांबूच्या टोपलीत बसवून डोंगर उतरवत आणतात. त्या टोपलीला डोको म्हणतात. आईला असं आणताना मुलाच्या कपाळावर पट्ट्याचा वळ उमटलेला असतो, कारण सगळा भार कपाळावरून घेतलेला. दुसरे म्हणजे दम्यासारख्या खोकल्याचे म्हातारे-म्हाताऱ्या. जन्मभर चुलीचा धूर आणि वर बिडी.

त्यांच्यातलेच एक बाजे, म्हणजे आजोबा, मला चांगले आठवतात. ऑक्सिजनचा फ्लोमीटर बसेना, म्हणून मी मनातल्या मनात म्हणायचं ते मोठ्याने म्हणाले, "काय मेली कटकट आहे!" बाज्यांनी मास्क बाजूला केला आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "ताई, गाव कुठलं तुमचं?" घाटकोपरला एका सोसायटीत वॉचमन होते, निम्मं आयुष्य तिथे गेलं. पाल्पा, गुल्मी, अर्घाखाँचीकडचे पुरुष पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे येत आलेत. त्या दिवसापासून बाजे माझे दुभाषे झाले. कुणी गोळी घ्यायला कुरकुर केली की हे पलंगावरूनच ओरडायचे आणि मग माझ्याकडे वळून मराठीत त्याचा सारांश सांगायचे. तो मूळ बोलण्यापेक्षा सौम्य असायचा अशी मला शंका आहे.

संध्याकाळी भाजी, भात, भाषेचा अभ्यास. हिंदी सगळ्यांना कळते म्हणून भारतीय माणूस नेपाळी शिकायचा आळस करतो. तो करू नकोस. वॉर्डातल्या बाईला तिचं दुखणं तिच्या भाषेत सांगू दे. लोडशेडिंगच्या काळात उन्हाळ्याआधीच्या महिन्यांत दिवसाचे चौदा-सोळा तास वीज नसायची. तेव्हा सगळं अंधारात, डोक्याला बॅटरी बांधून. आता ते दिवस गेले.

आणि उपासना? नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी, त्यामुळे मंडळी, म्हणजे चर्च, शनिवारी भरते. रविवारी सकाळी आपण ड्युटीवर. पहिले काही महिने मला रविवारी युनिफॉर्म चढवताना उगीच चुकल्यासारखं व्हायचं. देवळाबाहेर चपलांचा ढीग, आत चटया, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, मादल (तिथला ढोल) आणि गिटार, दोन-अडीच तास सहज. हात जोडून 'जयमसीह' म्हणायचं आणि जागा मिळेल तिथे बसायचं. पाळक नेपाळी, वडीलमंडळी नेपाळी, संदेश नेपाळी. आम्ही परदेशी लोक मागच्या चटईवर. त्या मंडळीत माझ्याकडे आलेली सगळ्यात मोठी जबाबदारी उपासनेनंतर चहाचे कप धुण्याची होती, आणि तीही एका नेपाळी काकूंनी दोनदा माझ्याकडून काढून घेतली, कारण मी पाणी फार वापरते म्हणून.

पाचारणाचं तू विचारलं नाहीस तरी सांगते. स्टेजवर उभं राहून बोलण्याची ओढ असेल तर इथेच राहा, इथे स्टेज पुष्कळ आहेत. तिथे जायचं तर आधी नेपाळ नर्सिंग काउन्सिलच्या नोंदणीची कागदपत्रं गोळा करायला लाग. त्यात जो धीर लागेल त्यावरून बाकीचं तुझं तुलाच कळेल.

प्रश्न : आमची एकुलती एक मुलगी नेपाळला मिशनच्या कामाला जायचं म्हणते. सुरक्षित आहे का? पगाराचं काय? तिच्या लग्नाचं वय झालंय. (एक आई, जालना)

ताई, खरं तेच लिहिते, मग तुम्ही ठरवा. माणसांची भीती बाळगू नका. भीती रस्त्याची. गोरखपूरला उतरायचं, बसने सुनौली, पायी सीमा ओलांडायची, मग भैरहवा, बुटवल आणि तिथून वर तानसेनचा घाट. बुटवल सोडलं की लगेच सिद्धबाबाचा टप्पा लागतो. पावसाळ्यात तिथे कडे कोसळतात, बस तासन् तास अडकते, अपघातही झालेत. तिथे बोगद्याचं काम हाती घेतलंय. मुलीला एवढंच बजावा : जुलै-ऑगस्टमध्ये रात्रीचा प्रवास नाही म्हणजे नाही.

दुसरं भूकंपाचं. २५ एप्रिल २०१५ ला दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना धरणी हलली. वार शनिवार. देशभर मंडळ्या उपासनेला बसलेल्या, आणि कितीतरी ठिकाणी देवळाचं छतच अंगावर आलं. सगळे मिळून नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. पाल्पाला फार झळ पोहोचली नाही, आम्ही नुसते हादरून अंगणात आलो. पुढचे कित्येक आठवडे मी दाराशी चपला आणि पाण्याची बाटली ठेवून झोपत होते. त्या दिवसांत 'देव आपल्या लोकांना राखतो' असं कुणी सहज बोललं की मला ऐकवत नसे. देवळात बसलेलेच गेले होते ना! मी बोलणाऱ्याशी वाद घातला नाही, उठून वॉर्डात गेले.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांची नवी राज्यघटना आली आणि पाठोपाठ सीमेवरची नाकेबंदी. गॅस नाही, पेट्रोल नाही, औषधं मोजूनमापून. नेपाळी माणसाच्या मते हे सगळं भारताने केलेलं, आणि गल्लीत भारतीय कोण, तर आम्ही. शेजारची दिदी चुलीला फुंकर घालता घालता म्हणाली, "तुझ्या सरकारला एक चिठ्ठी तरी लिही की." हसत म्हणाली, पण डोळे धुराने लाल होते. तिने स्वतःच्या जळणातला भारा आम्हाला दिला. बाजारात मात्र एकाने तोंडावर सुनावलं आणि बटाटे दिले नाहीत. अशा वेळी राष्ट्रप्रेम, विश्वास वगैरे बाजूला राहतं. मान खाली घालून घरी यायचं आणि असेल ते शिजवायचं.

पैशाचं : मिशनमध्ये बहुतेकांना पगार असा नसतो. घरची मंडळी, नातेवाईक, ओळखीचे दर महिन्याला काही कबूल करतात आणि त्यावर घर चालतं. कबूल करणारे उत्साहात पुष्कळ करतात आणि दुसऱ्या वर्षी विसरतात. वाईटपणाने नव्हे, त्यांच्याकडेही शाळेच्या फिया आणि लग्नं असतातच. मुलीला म्हणावं, कबूल झालेल्यातलं निम्मंच येईल असं धरून हिशेब कर.

लग्नाबद्दल तिच्याशी बोला, माझ्याशी नको.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. शेजारच्या कुटुंबाकडे तुमचा अंक येतो, तो वाचते. राग मानू नका, पण दवाखाना, शाळा हे सगळं शेवटी धर्मांतरासाठीच असतं ना? (एक वाचक, सातारा)

वहिनी, राग कशाचा? हाच प्रश्न मला गोरखपूरच्या गाडीत प्रत्येक वेळी कुणीतरी विचारलेला आहे, बहुधा जेवणाचा डबा उघडल्यावर.

आधी तिथला कायदा ऐका. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेने दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई केली आहे, आणि ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. करणारा परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. ही मनाई नवी मुळीच नाही. युनायटेड मिशन टू नेपाळ, म्हणजे ज्या संस्थेने तानसेनचं इस्पितळ उभं केलं ती, पहिल्यापासूनच सरकारशी करार करून काम करत आली, आणि धर्मप्रसार करायचा नाही हे त्या करारांतच असायचं. या संस्थेची स्थापना, तुम्हाला गंमत वाटेल, आपल्या नागपुरात झाली, ५ मार्च १९५४ ला.

तिची सुरुवात तर पक्ष्यांपासून. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेतले रॉबर्ट फ्लेमिंग हे पक्ष्यांचे अभ्यासक. नेपाळचे पक्षी बघायची परवानगी मिळवून ते तिकडे गेले. १९५१-५२ च्या हिवाळ्यात तानसेनला गेले तेव्हा सोबत त्यांच्या डॉक्टर पत्नी बेथेल आणि डॉ. कार्ल टेलर होते. हे पक्ष्यांमागे डोंगरात आणि ते दोघं गावात पेशंट तपासत. रांग काही हटेना. त्यातून इस्पितळाची मागणी आली, ती तिथल्याच लोकांकडून.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. लोकांनी ख्रिस्ताला ओळखावं असं मला मनातून वाटतं का? वाटतं. नाही म्हटलं तर खोटं होईल, आणि तुम्हालाही ते खोटं कळेल. पण गोळीच्या बदल्यात प्रार्थना मागितली तर ती प्रार्थनाही खोटी आणि गोळी देणाराही. वॉर्डात मी कुणाला धर्म विचारला नाही. कुणी मला विचारलं तर उत्तर दिलं, तेही थोडक्यात, कारण बहुतेकांना माझ्या श्रद्धेपेक्षा मला मुलं किती आणि मुंबईत भाडं किती हे जास्त हवं असायचं.

तुम्ही म्हणता तसे लोक असतात, हेही नाकारत नाही. भूकंपानंतर तांदळाच्या पोत्यांसोबत पुस्तिका वाटणारे गट मी पाहिले. दोन आठवडे यायचे, फोटो काढायचे, किती जणांनी हात वर केले ते मोजायचे आणि विमानाने परत. मागे राहायचे ते गावातले नेपाळी ख्रिस्ती, शेजाऱ्यांचे टोमणे खायला. त्या आलेल्यांपैकी कुणाला तुरुंगाची भीती नव्हती. नेपाळी विश्वासणाऱ्यांनी मात्र ती खरोखर भोगलेली आहे. १९६० च्या सुमारास बाप्तिस्म्याच्या कारणावरून तानसेनमध्येच माणसं कैदेत गेली होती. आमच्या मंडळीतले म्हातारे त्याबद्दल फार बोलत नसत, विचारलं तर चहा पुढे करत.

एक आकडा सांगते, म्हणजे माझं म्हणणं कळेल. १९५१ मध्ये नेपाळची दारं उघडली तेव्हा तिथे ख्रिस्ती जवळजवळ नव्हतेच. २०२१ च्या जनगणनेत ते १.७६ टक्के, म्हणजे पाच लाखांच्या वर आहेत. परदेशी माणसाला बोलायची बंदी असतानाचा हा आकडा आहे. हे नेपाळी माणसांनी नेपाळी माणसांना सांगितलं, घरात कुणी बरं झालं, कुणी दारू सोडली, कुणाला मंडळीत पहिल्यांदा शेजारी बसवून घेतलं. यातलं काय तुम्हाला पटावं आणि काय खटकावं हे मी ठरवू शकत नाही. ते आमचं काम नव्हतं एवढं मात्र खरं. आम्ही पाहुणे होतो, आणि पाहुण्याने यजमानाच्या देव्हाऱ्याची मांडणी बदलू नये, हे तुम्हाआम्हाला घरातच शिकवलेलं असतं.

प्रश्न : दशैंमध्ये, म्हणजे नेपाळच्या दसऱ्यात, वडीलधाऱ्यांकडून कपाळाला टिका (टिळा) लावून घ्यायचा असतो. तिथल्या ख्रिस्ती लोकांनी तो घ्यावा का? तुमचा सल्ला काय होता? (एक पाळक, सोलापूर)

पाळकसाहेब, मी सल्ला दिला नाही. बहुतेक नेपाळी विश्वासणारे टिका आणि जमरा (जवाचे कोवळे अंकुर) घेत नाहीत. घरी जातात, आईवडिलांच्या पाया पडतात, मटण खातात, कपाळ कोरं ठेवतात, आणि कधीकधी त्यावरून घर फुटतं. आमच्या मंडळीत यावर दर वर्षी दशैंच्या आधी तावातावाने चर्चा व्हायची. एकदा कुणीतरी माझ्याकडे वळून विचारलं, "भारतात काय करता?" मी म्हटलं, भारतात आमचेही असेच वाद आहेत, अजून मिटलेले नाहीत. सगळे हसले आणि पुन्हा आपापसात भांडू लागले. मला वाटतं, ते भांडण त्यांचंच असायला हवं. टिका नाकारण्याची किंमत मला द्यावी लागणार नव्हती. मग मत देण्याचा हक्क कुठला?

शेजारच्या आमा मला मात्र टिका लावायला आल्या नाहीत. ताटात केळी आणि सेल रोटी (तांदळाच्या पिठाची तळलेली गोड कडी) घेऊन आल्या, डोक्यावर हात ठेवला आणि लांबलचक आशीर्वाद दिला. तो मी पूर्ण घेतला.

प्रश्न : मी झांबियात एका मिशन शाळेत शिकवतो. दुसरं वर्ष चाललंय. प्रार्थनेला बसलो की काहीच वाटत नाही. मंडळीला पाठवायच्या पत्रात मात्र 'प्रभू अद्भुत कार्य करत आहे' असं लिहितो. मला माझीच चीड येते. (नाव देऊ नये)

बाळा, आधी ते पत्र बंद कर. म्हणजे पत्र लिही, पण ते वाक्य नको. लिही की यंदा नववीचे निम्मे गणितात नापास झाले, मला मलेरिया झाला, प्रार्थना कोरडी चालली आहे. घाबरू नकोस, पैसे थांबत नाहीत. आमच्या ह्यांनी एकदा अख्खं प्रार्थनापत्र एका फुटलेल्या पाइपावर लिहिलं होतं. त्याला जितकी उत्तरं आली तितकी माझ्या भक्तिपूर्ण पत्रांना कधी आली नाहीत. एका काकांनी तर पोस्टाने वॉशर पाठवले.

दुसरं वर्ष सगळ्यांचंच वाईट जातं. पहिल्या वर्षी सगळं नवं असतं, फोटो काढतो. दुसऱ्या वर्षी कळतं की आपण इथे नसतो तरी शाळा चालली असती. ते कळणं चांगलं आहे, फक्त गिळायला जड जातं. मला त्या काळात नेपाळीत प्रार्थना करताना आपण कुणाची तरी नक्कल करतोय असं वाटायचं आणि मराठीत करताना रडू यायचं. शेवटी मी स्वतःचे शब्द शोधणंच सोडलं. रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं, क्रमाने, आवडो न आवडो. तक्रारीची स्तोत्रं किती आहेत हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. वाटणं परत यायला बराच काळ गेला आणि आलं ते भलत्याच वेळी, नाइट ड्युटीला लिनन मोजताना.

शिवाय एक मित्र शोध, तिथलाच, ज्याच्या लेखी तू मिशनरी नाहीस. माझी होती भाजीवाली. तिला वाटायचं मी नवऱ्याच्या बदलीमुळे आलेली बाई आहे आणि मला स्वयंपाक येत नाही. तिच्याजवळ बसलं की बरं वाटायचं. आणि झोप नीट होत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरला दाखव. ते अविश्वासाचं लक्षण नाही.

प्रश्न : पुढच्या वर्षी आम्ही दोघं आणि दोन लहान मुलं जाणार आहोत. मुलांच्या शाळेचं काय करावं आणि सोबत काय न्यावं? (एक कुटुंब, पुणे)

शाळा : मुलं लहान आहेत तोवर तिथल्याच शाळेत घाला. लिपी आपलीच, इंग्रजी माध्यमही मिळतं, मित्र होतात. वरच्या वर्गांचं कठीण होतं. आम्ही मुलीला पुढे मिरजेला आजीकडे ठेवलं आणि त्याबद्दल ती अजून मला ऐकवते. तिचं बरोबर की आमचं, हे घरात अजून ठरलेलं नाही.

सामान : कुकरची रिंग आणि शिट्टी दोन-दोन न्या, तुमच्या कंपनीची तिथे मिळेलच असं नाही. कांदा-लसूण मसाला एक किलो पुरे, कारण सहा महिन्यांत तुम्हाला गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी, आवडायला लागेल. ज्वारीचं पीठ नेऊ नका, पावसाळ्यात जाळी धरतं. कोदो मागा, ती आपली नाचणीच, भाकरी उत्तम होते, बघायला शेजारणी जमतात. हिवाळ्यात घरं आतून फार गारठतात, तेव्हा लोकरी मोजे आणि मुलांना कानटोप्या. पावसात जळवांसाठी खिशात मिठाची पुडी. मोबाइलचं घड्याळ आपोआप पंधरा मिनिटं पुढे जातं, भिंतीवरचं मात्र हाताने करा, नाहीतर पहिल्याच दिवशी ड्युटीला उशीर. आणि दसऱ्याच्या सुमाराला जाणार असाल तर गोरखपूरचं आरक्षण दोन महिने आधी, खिडकी उघडल्या दिवशीच करा. तेव्हा मुंबई-पुण्याचे सगळे नेपाळी दादा दशैंला घरी निघालेले असतात. मागून वेटिंगवर गेलात तर मुलांना घेऊन दारात बसून जावं लागेल.